वळणावरचा ठसा

रस्त्याने चालताना मी खाली बघून चालतो. बायको म्हणते, लोकांना वाटतं तुमचं काहीतरी हरवलंय. एकदा पुतण्याच्या लग्नाला गेलो असताना मी हॉलच्या दारातच थांबून लादीचा सांधा बघत बसलो आणि आतल्या अक्षता पडून गेल्या. नोकरी संपली तरी मान काही वर होत नाही.

मी रस्ते देखभालीत दुय्यम अभियंता होतो. घाटकोपर, मुलुंड, थोडा काळ बोरिवली आणि शेवटची नऊ वर्षं अंधेरी. दुय्यम अभियंता म्हणजे कोण, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. फुटपाथ खचला की रहिवासी ज्याला फोन करतात, नगरसेवक ज्याला चारचौघांत झापतो आणि वरचा साहेब ज्याच्याकडे बोट दाखवून मोकळा होतो, तो दुय्यम अभियंता. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरचा फोटो छापून येतो. फुटपाथवाल्याचा आला, तर त्यात बाजूला एक खड्डा असतो.

पण ह्या बिनमानाच्या नोकरीत मला एक नाद लागला. ठशांचा.

पूर्वी उपनगरातले फुटपाथ जागेवर ओतलेल्या काँक्रीटचे असत. ठेकेदाराने एखादा पट्टा पुरा केला की सुरुवातीला आणि शेवटाला आपल्या नावाचा ठसा मारायचा, खाली साल. मध्ये वळण आलं तर वळणावरही, कारण तिथे नवा तुकडा सुरू होतो. हमीच्या मुदतीत फुटपाथ फुटला तर कुणाला धरायचं, हे कळावं म्हणून ही पद्धत. ठसा बिडाचा, अक्षरं उलटी, मागे लाकडी मूठ. ओतल्या ओतल्या मारला तर अक्षरं बुजतात आणि उशीर केला तर उमटतच नाहीत. गवंडी अंगठा टेकवून बघायचा. खूण राहिली पण बोटाला ओल लागली नाही, म्हणजे वेळ झाली. मग ठशाला जळकं ऑइल फासायचं, सरळ दाबायचं आणि न हलवता उचलायचं. एवढंच काम, पण मी चांगले चांगले गवंडी त्यात फसलेले पाहिले आहेत.

हमी कधीच संपते, ठसा मात्र राहतो. घाटकोपरला एका गल्लीत दोन ठसे सांध्याला सांधा लागून होते आणि दोन्हींच्या सालांत नऊ वर्षांचं अंतर. म्हणजे वस्ती नऊ वर्षं त्या सांध्यापाशी थांबली होती आणि पुढे शेत होतं. गल्लीतल्या कुणाला हे माहीत नव्हतं. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, अहो, तिथे बेडूक इतके ओरडायचे की झोप यायची नाही. मला तेवढ्यावर आठवडाभर बरं वाटत होतं.

घाटकोपरलाच एक लबाड भेटला. त्याने बारा फुटांचा भुसभुशीत तुकडा टाकला आणि त्यावर चक्क आपल्या प्रतिस्पर्ध्याचा ठसा मारला. नोटीस त्या बिचाऱ्याला जायची. तो माझ्यापुढे येऊन शपथा घेऊ लागला. मी जाऊन पाहिलं. ह्या शपथा घेणाऱ्याचा गवंडी नेहमी रस्त्याच्या बाजूला उभा राहून ठसा मारायचा, त्यामुळे त्याची सगळी अक्षरं रस्त्यावरून वाचता येत. ह्या तुकड्यावरची अक्षरं दुकानांकडून वाचायला लागत होती. एवढ्यावर मी चोर पकडला. साहेबांनी पाठ थोपटली आणि ऑफिसात माझं नाव ठसेवाले सामंत पडलं. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू.

मुलुंडला वेलजीभाई भेटले. ऐंशीच्या घरातले कच्छी ठेकेदार, धंदा बंद करून जमाना झालेला. त्यांचा ठसा शंकरपाळीच्या आकाराचा, आत दोन अक्षरं आणि खाली साल. हे गृहस्थ रोज सकाळी काठी घेऊन निघायचे आणि आपणच कधीकाळी बांधलेल्या फुटपाथांच्या तक्रारी माझ्याकडे घेऊन यायचे. हमी संपून पिढी उलटली होती. मी म्हणायचो, वेलजीभाई, आता तुमची जबाबदारी नाही. ते म्हणायचे, नाव मारू आहे ना त्याच्यावर, माझं. एकदा एका तुकड्याला तडा गेला तर स्वतःच्या पैशांनी सिमेंटची गोण आणून, नातवाला हाताशी घेऊन बुजवायला बसले. बेकायदा काम म्हणून मला त्यांना उठवावं लागलं. तसा ठेकेदार मला पुन्हा भेटला नाही. मी अंधेरीला बदलून आल्यावर दोन वर्षांत ते गेल्याचं कळलं.

मग पेव्हर ब्लॉक आले. हे ब्लॉक कारखान्यात बनतात, त्यांवर नाव नाही, साल नाही, गाव नाही. उचला आणि दुसरीकडे बसवा. दर दोन-तीन वर्षांनी उखडून पुन्हा बसवायची सोय झाली आणि सगळ्यांनाच ती मानवली. जुनं काँक्रीट ब्रेकरखाली फुटायला लागलं. मी जिथे असेन तिथे ठसा असलेला तुकडा कटरने चारी बाजूंनी कापून काढून घ्यायचो आणि चौकीवर नेऊन ठेवायचो. चौकी म्हणजे आमच्या माणसांची हत्यारं ठेवायची पत्र्याची खोली. अंधेरीला बदली झाली तेव्हा मुलुंडचे तुकडेही टेम्पोत घालून आणले. अकरा जमले होते, त्यांतले चार वेलजीभाईंचे. आमचे मुकादम बाबू परब मालवणचे. त्यांना ह्या प्रकाराची गंमत वाटायची, पण कापताना एकही कोपरा उडू द्यायचे नाहीत.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अंधेरी पूर्वेला एक जुनं गावठाण आहे. नाव देत नाही, माणसं अजून तिथे आहेत. तिथे हिल्डाबाय राहायची. तेव्हा सत्तरीला टेकलेली, नवरा वारलेला, मुलगा पवईला कुठल्याशा कंपनीत सुरक्षारक्षक. घर कौलारू, मागे दोन खोल्या आणि पुढे एक, रस्त्याकडे तोंड असलेली. त्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालायचं. गावठाणातल्या नवऱ्यामुलींचे पांढरे झगे आणि शाळेचे युनिफॉर्म. खिडकीत बसून ती मशीन चालवायची आणि येणारीजाणारी बाई उभ्या उभ्या माप देऊन जायची. घर त्या खिडकीवर चालत होतं.

रस्ता रुंद करायचं निघालं. पुढची खोली रेषेत आली. नियम असा की ठरावीक तारखेच्या आधीचं बांधकाम असेल तर ते धरलं जातं, नुकसानभरपाई मिळते, बदली जागा मिळते. नंतरचं असेल तर अतिक्रमण, थेट तोडायचं. खोली हिल्डाबायच्या सासऱ्यांनी बांधलेली, पण घराच्या उताऱ्यावर फक्त मागच्या दोन खोल्या होत्या आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या एका पावसाळ्यात पेटीसकट कुजून गेल्या होत्या. तोंडी सांगणाऱ्याला कोण विचारतो.

मी तिथे दुसऱ्याच कामाला गेलो होतो. सवयीने खाली बघितलं आणि थबकलो. फुटपाथ सरळ येत होता, हिल्डाबायच्या पुढच्या खोलीपाशी आल्यावर रस्त्याकडे मुडपून तिच्या भिंतीला वळसा घालून पुन्हा सरळ जात होता. आणि बरोबर वळणावर, तिच्या पायरीखाली, शंकरपाळीचा ठसा. वेलजीभाई. साल त्या ठरावीक तारखेच्या चार वर्षं आधीचं.

मला हर्ष झाला. फुटपाथ ज्या वर्षी ओतला त्या वर्षी खोली तिथे नसती तर काँक्रीट वळलंच कशाला असतं? मी हिल्डाबायला खिडकीतून बाहेर बोलावलं आणि समजावून सांगितलं. तिने चष्मा लावून ठसा पाहिला. म्हणाली, यावर बसून मी मच्छी साफ केली इतकी वर्षं. मग रडायला लागली. मी मोजणीच्या ऑफिसला अर्ज लिहून दिला, जागेवर येऊन पाहणी करावी. पाहणीची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली.

त्या आठ दिवसांत पेव्हर ब्लॉकचं काम त्या गल्लीत शिरलं. पावसाळ्याआधी संपवायचं होतं. वरच्या साहेबांना विचारलं, ही एक जागा आठवडाभर सोडू का? ते म्हणाले, एका म्हातारीसाठी गँग बसवून ठेवू का? ठेकेदाराची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराशी येणार होती.

परबांनी ठशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सायबानू, असा थंयच रवांदे," ते म्हणाले. "वर रेती टाकतंय नि चार ब्लॉक सुटे ठेवतंय. बघूक इले की उचलून दाखवूया."

साधा, शहाणा उपाय होता. मी नको म्हणालो. म्हणालो लेव्हल वर येईल, पाणी तिच्या घरात शिरेल. ते खरंही होतं. पण खरं कारण वेगळं होतं. ब्लॉक बसवताना वरून ठोकणी चालते, ते दणके बसून ठशाला तडा जाईल ह्या विचाराने माझा जीव कासावीस झाला होता. वेलजीभाईंचा एवढा जुना ठसा माझ्याकडे नव्हता. हे त्या वेळी मी स्वतःला सांगितलं नाही.

सकाळी मी स्वतः उभा राहून तुकडा कापून घेतला. अगदी अख्खा निघाला, एक टवका गेला नाही. हिल्डाबायने आतून दोन गोणपाटं आणि जुनी चादर आणून दिली, गुंडाळायला. तिने माझे हात धरले. मी तुकडा चौकीवर नेला. संध्याकाळपर्यंत बाकीचं सगळं वळण फोडून डेब्रिजमध्ये गेलं आणि ब्लॉक वळसा न घेता नाकासमोर सरळ गेले, तिच्या पायरीपाशी नुसते अरुंद होऊन. मी फोटो काढला होता. ठशाचा, जवळून, अक्षरं स्पष्ट दिसावीत असा. घर त्यात नाही.

पाहणीला मोजणीचे जे अधिकारी आले ते वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, बोलायला नम्र. त्यांना मी काही बोलणार नाही, त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी सरळ फुटपाथ पाहिला आणि विचारलं, वळण कुठे आहे? मी हवेत हाताने दाखवलं. मग आम्ही चौकीवर गेलो. हिल्डाबायला मी घरीच थांबायला सांगितलं होतं, हे बरं केलं. रॅकवर बारा तुकडे ओळीने मांडलेले, त्यांत पाच शंकरपाळ्या.

"हे कुठले?" त्यांनी बाकीच्या चारांकडे बोट केलं.

"मुलुंडचे."

ते पाचही शंकरपाळ्या एकेक करून पाहून आले. "सामंतसाहेब, तुमच्यावर माझा अविश्वास नाही," ते म्हणाले. "पण हा पाचवाही मुलुंडहूनच आणलाय, असं उद्या कुणी म्हणालं तर मी काय दाखवू?"

अक्षरं कुठल्या बाजूने वाचायची एवढ्यावर मी एकदा चोर पकडला होता. ठसा जागेवर असेपर्यंतच बोलतो, हे माझ्याइतकं त्या खात्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मीच तो उचलून मुका केला होता. वेलजीभाई असते तर काठी टेकत येऊन हे वळण मी ओतलेलं म्हणून सांगून गेले असते.

त्या अधिकाऱ्यांनी तरीही वाट शोधली. म्हणाले, जुनं काँक्रीट काढताना तुम्ही त्याचं मोजमाप घेतलं असेल. त्यात वळण नोंदलेलं असेल तर तेवढ्यावर मी अनुकूल लिहितो. मोजमापाची वही पाठवून द्या.

मोजमापाची वही म्हणजे आमच्या खात्यातलं धर्मपुस्तक. कुठे काय केलं, किती लांब, किती रुंद, ते त्यात जागेवर उभं राहून लिहायचं, खाली सही. ती वही माझ्याच हातची होती. मी टेबलाशी बसून ते पान उघडलं. लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. रुंदी सरसकट. वळणाचा उल्लेख नाही, त्याची वाढीव लांबी नाही. कारण आम्ही सगळे असंच करत आलो होतो. दोन टोकांना टेप ताणायची, रुंदी तीन ठिकाणी बघून सरासरी मारायची आणि मधली लहानसहान वळणं सोडून द्यायची. त्या वळणाला टेप लावायला दहा मिनिटं लागली असती. मी त्या वेळी तुकड्याला गोणपाट गुंडाळत होतो.

म्हणजे त्या फुटपाथचा सरकारदरबारी एकच लेखी पुरावा उरला होता, आणि माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी, तो सांगत होता की तिथे वळण नव्हतंच.

एक मार्ग होता. वहीसोबत एक टिपण जोडायचं. माझी नोंद चुकीची आहे, मी प्रत्यक्ष वळण मोजलं नाही, जागेवर वळण होतं. दोन ओळींचं काम. मी कागद घेतला, तारीख घातली. मग आठवलं की ह्या पानावर वरच्या साहेबांची तपासणीची सही आहे. एक नोंद खोटी म्हणजे त्या कामाचं सगळं बिल संशयात, चौकशी, आधीच्या वह्या बाहेर निघणार, आणि त्या वह्यांत अशी सरळ केलेली वळणं किती आहेत ते मला माहीत होतं. निवृत्तीला आठ महिने होते. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि वही तशीच पाठवून दिली. ह्याला मी भित्रेपणा म्हणतो. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

निकाल लागायचा तो लागला. पुढची खोली अतिक्रमण ठरली. तोडायच्या दिवशी मी रजा टाकली. परब गेले होते. त्यांनी मशीन आत नेऊन ठेवायला हात लावला म्हणे. मला येऊन एवढंच सांगितलं की कौलं जुनी होती, एकेक हाताने उतरवून बाजूला ठेवली. 

रस्ता रुंद झालाच नाही. शेजारच्या घरांकडे कागद होते, त्यांनी कोर्टात स्थगिती आणली. एकट्या हिल्डाबायची खोली गेली, आणि त्या मोकळ्या जागेत आता गल्लीतल्या स्कूटर उभ्या राहतात. ब्लॉक त्यानंतर दोनदा उखडून पुन्हा बसवले गेले. कुणी बसवले, कधी, विचारायची सोय नाही.

निवृत्तीनंतर वर्षाने परबांचा निरोप आला की चौकी पाडणार आहेत, तुकडे डेब्रिजमध्ये जातील. मी टेम्पो केला. बाकीच्यांना हात लावला नाही, एकच तुकडा घेतला, पुन्हा त्याच चादरीत गुंडाळला आणि हिल्डाबायकडे नेला. का नेला, नीट सांगता येत नाही. तिची वस्तू तिला द्यावी असं वाटलं असेल.

ती मागच्या खोलीत होती. मशीन पलंगाशेजारी कोपऱ्यात, वर ट्यूबलाइट. दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागत होता. नजर अधू झाली होती आणि काम जवळजवळ बंद पडलं होतं, कारण माप द्यायला कुणी बाई एवढ्या आत येत नव्हती. टेम्पोवाल्याने तुकडा दारात टेकवला. हिल्डाबायने त्यावरची चादर ओळखली, आपलीच होती. चादर काढून घेतली आणि ठशावरून हात फिरवला.

"कुटं ठेवू, साएब?" ती म्हणाली. "जागा ऱ्हायली कुटं?"

चिडून नाही, खरंच विचारत होती. खोलीत बघायला लागली, पलंगाखाली, मशीनमागे. कुठेच मावत नव्हता. शेवटी मी म्हणालो की असू दे, मी परत नेतो. ती मला सोडेना, चहा घेऊनच जा म्हणाली. वसईहून तिची भाची आली होती, तिला तिने हाक मारली.

"ह्येच ते साएब," ती तिला म्हणाली. "सगल्या हापिसात आमच्यासाटी खरं बोलनारे यवडे एकच होते."

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते, वहीतली ती ओळ मला अजून पाठ आहे. भाची कौतुकाने माझ्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, साखर किती घालू, आणि मी म्हणालो, एक चमचा.